बाकावर बसलेली बाई

अक्का,

मी निपाणीजवळच्या एका गावातली. वय ४१. घरी शिलाईकाम करते, मालक ट्रॅक्टरवर असतात, मुलं शिकतात. माझा थोरला भाऊ ट्रकवर ड्रायव्हर होता. २००२ साली गेला. टीबीनं गेला असं आम्ही सगळ्यांना सांगितलं, आईला आजही तेच माहीत आहे. खरं काय ते डॉक्टरांनी मला आणि वडिलांना सांगितलं होतं. वेळेवर कोल्हापूरला नाहीतर मिरजेला हलवला असता तर वाचला असता, हे अजून डोक्यातून जात नाही.

मध्यंतरी बचत गटाच्या मीटिंगला एका संस्थेच्या बाई आल्या होत्या. एचआयव्हीबद्दल गावागावांत मराठीतून सांगायला बायका पाहिजेत म्हणाल्या. मी हात वर केला. मालक म्हणतात, "लोक म्हणतील हिलाच काहीतरी झालंय." सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा हरिपाठाला जा. मला स्वतःला भीती वेगळीच, चार बायकांपुढं निरोधाचं नाव काढायचं कसं?

पण खरी गोष्ट पुढंच आहे. त्या बाईंनी मला दवाखान्यात काउन्सेलरना भेटायला बोलावलं. तिथं त्या खोलीबाहेर बाकावर आमच्याच गल्लीतली, आमच्या भिशीतली एक बाई बसली होती. तिनं मला बघितलं आणि पदर ओढून तोंड फिरवलं. त्या रात्री मी मालकांना सांगून बसले. सहा आठवडे झाले, ती भिशीला येत नाही, पैसे मुलाकडून पाठवते. तिच्या घरी जाऊन "काळजी करू नको, मी कुणाला सांगणार नाही" असं सांगू का? आणि हे काम मी करू की नको?

— तुमची एक बहीण

*

तिच्या घरी जाऊ नको.

तुझ्या पत्रात हा प्रश्न शेवटी आलाय, पण मी इथूनच सुरू करते. तू जाशील, ती चहा ठेवेल, मुलगा आत अभ्यासाला बसलेला असेल, आणि तू हळू आवाजात म्हणशील, "मी कुणाला सांगणार नाही." या एका वाक्यात तू तिला काय सांगितलंस? की मला कळलंय. कदाचित हिच्या लक्षात आलं नसेल, या आशेवर तिनं सहा आठवडे काढले असतील. ती आशा तू तिच्याच चुलीपुढं बसून मोडायला निघालीस. आणि "सांगणार नाही" हे तरी खरं कुठाय? मालकांना सांगून झालंय.

आता मला सांग, तू बघितलंस काय? नीट आठव. बाकावर बसलेली बाई बघितलीस. बाकी सगळं तू परत येताना बसमध्ये शिवलंस. त्या बाकावर कोण कोण बसतं ते मला विचार, मी त्या बाकापुढं बरीच वर्षं काढलीत. गरोदर बाई बसते, कारण दिवस राहिले की बाकीच्या तपासण्यांबरोबर एचआयव्हीचीही सुचवतात. टीबीचा पेशंट बसतो, कारण टीबी निघाला की एचआयव्हीचीही तपासणी करतात. भाच्याला घेऊन आलेली मावशी बसते. पुतण्याचा रिपोर्ट न्यायला आलेला काका बसतो, तो तर पेपरात तोंड खुपसूनच बसतो. आणि तुझ्यासारखी, कामाची चौकशी करायला आलेलीही बसते.

हे लिहिताना एका गोष्टीचं मला नवल वाटतंय, की ती तुझ्या ध्यानात कशी आली नाही. तू तिला बघितलंस, तसं तिनंही तुला बघितलं. त्याच बोळात, त्याच दारात. तिच्या हिशेबानं तूही पेशंट असू शकतेस. सहा आठवडे झाले. तुझ्याबद्दल गल्लीत कुणी काही बोललं? नळावर तू गेल्यावर बायका गप्प झाल्या? तसं असतं तर तू पत्रात लिहिलं असतंस. म्हणजे तिनं तोंड उघडलेलं नाही. तुझ्या तोंडून मात्र त्याच रात्री गेलं. रागावून लिहीत नाही बाई, पण ज्या कामासाठी तू हात वर केलास त्यातला अवघड भाग तिला आधीच येतो.

मालकांचं असं कर. आज जेवणं झाली की सांग, "त्या दिवशी मी उगाच अंदाज बांधला. तिथं कोण कशाला येतं, मला काय माहीत!" यात खोटं काही नाही, तुला खरंच माहीत नाही. आणि एकदाच सांग. "कुणाला बोलू नका हं, शपथ आहे" असं चारदा बजावलंस की त्यांनाही कळेल गोष्ट बोलण्यासारखी आहे.

माझं स्वतःचं एक सांगते, म्हणजे मी वरून उपदेश करत नाही हे तुला पटेल. मी काउन्सेलर म्हणून लागले त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. बाजाराच्या दिवशी मी संकेश्वरी मिरची निवडत खाली बसले होते. समोर माझ्याकडं येणारी एक तरुण बाई उभी, शेजारी सासू. मला तिला बघून खरोखर आनंद झाला, कारण मागच्या महिन्यात ती फार खचली होती आणि आता अंगानं जरा भरलेली दिसत होती. मी बसल्या जागेवरून हाक मारली, "काय गं, बरी आहेस ना? गोळ्या संपत आल्या असतील, ये की!" सासूनं विचारलं, "कसल्या गोळ्या गं?" ती म्हणाली, "रक्त वाढायच्या." आणि माझ्याकडं एकदा बघितलं. हातातली मिरची मी किती वेळ तशीच धरून बसले होते कुणास ठाऊक, नंतर डोळा चोळला तेव्हा कळलं.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन बंद. खूप उशिरा कळलं की ती दोन बस बदलून महाराष्ट्रातल्या एका केंद्रात जाते. पण तिथं नाव घालण्याआधी चार महिने तिनं गोळ्याच घेतल्या नव्हत्या. ही गोळी अशी आहे की मधेच सोडली तर विषाणू परत डोकं वर काढतो, आणि तेच औषध पुढं लागू पडेनासं होण्याची भीती असते. त्या चार महिन्यांचा हिशेब माझ्या नावावर आहे. मी वाईट काही बोलले नव्हते. प्रेमानंच बोलले होते. तेव्हापासून माझा एक नेम आहे, केंद्राच्या बाहेर कुणी दिसलं तर ओळख त्यांनी दाखवायची, मी नाही. त्यांनी "काय अक्का" म्हटलं तर मी हसते. नाहीतर मी मिरच्या निवडते.

जाता जाता एक. आपल्या सीमाभागाच्या भांडणात दोन्ही सरकारांनी लोकांना काय दिलं हा वेगळा विषय, पण हद्दीचा एक फायदा मी डोळ्यांनी बघितलाय. निपाणीची बाई कोल्हापूरला जाते, गडहिंग्लजकडचा माणूस बेळगावला येतो, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. सरकारी केंद्र बदलून घेता येतं, कागद करून देतात. लोक प्रवासाला, खाड्याला, गर्दीला तयार असतात, फक्त शेजारीण भेटायला नको असते. गोळ्यांची प्लास्टिकची बाटली पिशवीत खुळखुळते म्हणून तिच्यात कापूस कोंबणाऱ्या बायका मला माहीत आहेत. वरचं लेबल नखानं खरवडून काढतात आणि बाटली बेसनाच्या डब्यात ठेवतात. हे सगळं कुणाच्या भीतीनं? विषाणूच्या नव्हे. तुझ्या-माझ्या.

कायद्याचंही सांगून टाकते. एचआयव्हीचा स्वतंत्र कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्या माणसाच्या संमतीशिवाय त्याची तपासणी करता येत नाही, आणि विश्वासानं कळलेली माहिती त्याच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. कामावरून काढणं, शाळेत न घेणं, दवाखान्यात उपचार नाकारणं, भाड्याचं घर सोडायला लावणं, अशा भेदभावाला बंदी आहे. बोळात ओळखीचं कुणी दिसणं यात कितपत बसतं हा वकिलांचा खल. पण उद्या तू ओळखपत्र गळ्यात घालून एखाद्या घरी बसलीस आणि त्या बाईनं तुला मन मोकळं करून सांगितलं, की ते तुझ्याजवळ ठेवायला दिलेलं असतं. शेजारणीनं सोन्याची पाटली ठेवायला दिली तर तू ती मालकांना दाखवशील का, "बघा कशी आहे" म्हणून?

आता भावाकडं येऊ.

२००२ साल म्हणालीस. सरकारकडून एचआयव्हीची औषधं फुकट मिळायला लागली ती १ एप्रिल २००४ पासून, आणि तीसुद्धा सुरुवातीला अख्ख्या देशातल्या आठ दवाखान्यांत. त्याच्या आधी गोळ्या बाजारात होत्या, पण विकत घ्यायच्या, रोज घ्यायच्या आणि जन्मभर घ्यायच्या. ड्रायव्हरच्या पगारात ते बसणारं नव्हतं. मिरजेला नेला असता तर काहीच झालं नसतं असं मी म्हणणार नाही, टीबीवर उपचार होऊन काही महिने मिळालेही असते. पण आज जी गोळी तुझ्या तालुक्यातल्या माणसापर्यंत पोचते, ती त्या वर्षी त्याच्यापर्यंत पोचण्याची वाटच नव्हती. आणि "टीबीनं गेला" हे तुम्ही झाकायला म्हणून सांगितलंत, तरी ते बहुतेक निम्मं खरंच असणार. एचआयव्हीनं अंगातली ताकद पोखरली की आपल्याकडं पहिल्यांदा घरात शिरतो तो टीबीच. म्हणून आईशी खोटं बोललो हे ओझं जरा हलकं कर.

मात्र भावाची गोष्ट गावात सांगू नको. तुला तसा मोह होईल हे मी आत्ताच सांगते. पहिल्या दुसऱ्या बैठकीत बायका नीट ऐकत नसतात, कुणी जांभई देतं, कुणी मटकीच्या भावाचं काढतं, आणि वाटतं की आपलं काळीज उघडून दाखवलं तर ऐकतील. ऐकतील. पण ते काळीज एकट्या तुझं नाही, तुझ्या आईचंही आहे, आणि तिला कुणी विचारलेलं नाही.

तर, हे काम करू का? कर. मालकांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, लोक म्हणणारच. एखादी तोंडावर विचारील, "तुला बी हाय काय गं?" तेव्हा "छे छे, मला कशाला असंल" असं हात झटकून म्हणू नको. तिथंच बसलेली एखादी ते ऐकत असते. म्हण, "असतं तर रोज गोळी घेतली असती, आणि तरी हेच सांगायला आले असते." एवढ्यावर ती गप्प बसते, मी करून बघितलंय. सासूबाईंना सांग हरिपाठालाही जाईन. खरंच जा. त्यांचीही बाजू राहील आणि गावातल्या बायका तुला तिथं आयत्या भेटतील.

तुझी खरी गरज कुठं आहे ते सांगते. आपल्या भागात दवाखान्यातले तक्ते, पत्रकं कन्नडमध्ये असतात. राज्यच कर्नाटक म्हटल्यावर ते ओघानं आलंच. पण कंग्राळी, येळ्ळूर, खानापूरकडची वाड्यावरची म्हातारी, नाहीतर कागलकडून निपाणीत सून म्हणून आलेली पोरगी, ती त्या तक्त्यापुढं उभी राहून फक्त चित्र बघते. काउन्सेलर मोडकंतोडकं मराठी बोलतात, बाई "हो हो" म्हणते आणि अर्धं समजून घरी जाते. "पॉझिटिव्ह आलंय" म्हटल्यावर "चांगलं आलंय" असं समजून देवाला नारळ फोडून आलेला माणूस मी बघितलाय. हसू येतं, पण त्याचे औषधाविना गेलेले महिने मोजले की येत नाही. गावात बसून, घरच्या बोलीत, घाई न करता सांगणारी बाई म्हणूनच पाहिजे.

मात्र दुभाषी व्हायला जाऊ नको. "तू कन्नडही बोलतेस, मराठीही, जरा आत येऊन समजावून सांग" असं दवाखान्यात कुणीतरी म्हणेलच. ओळखीच्या माणसाचं रिपोर्टचं बोलणं असेल तर नाही म्हण. अनोळखी असेल तरी आधी त्यालाच विचार, हिच्या तोंडून ऐकायला चालेल का म्हणून. आपल्या गावची दुभाषी मिळण्यापेक्षा अर्धवट कन्नड ऐकणं लोक पत्करतात.

निरोधाची लाज आठवडाभरात जाईल, मला त्याची चिंता नाही. फक्त सुरुवात तिथून करू नको. सुरुवात बाळंतपणापासून कर. गरोदर बाईला एचआयव्ही असेल आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईनं गोळ्या वेळेवर घेतल्या, बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाला जन्मल्यावर औषध पाजलं, तर हेच प्रमाण ५ च्या खाली येतं. हे सांगितलंस की सासवा पुढं सरकतात. नातवाचा विषय निघाला की पदर डोक्यावर घेतलेली म्हातारीही प्रश्न विचारते. बाळाची पहिली तपासणी दीड महिन्यानं होते आणि शेवटची खात्री दीड वर्षानं, तोवर धीर धरावा लागतो, हेही सांग. त्यातून बोलणं आपोआप नवऱ्यावर येतं, आणि नवऱ्यावर आलं की निरोधावर. तेव्हा निरोधच म्हण. "ते", "तसलं", "साधन" असलं काही म्हटलंस की बायका हसायला लागतात. एकदा स्वच्छ नाव घेतलंस की फार तर एकदाच हसतात.

जागाही बघून घे. समाजमंदिरात माईक लावून बोलण्यात राम नाही. निपाणीकडं बायका मांडीवर सूप घेऊन उंबऱ्यात बिड्या वळत बसतात, तिथं जाऊन बस. हात कामात असले की डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आणि माणूस डोळा चुकवूनच खरं विचारतं. एकदा अशाच एका उंबऱ्यात एकीनं पानावरची नजर न उचलता मला विचारलं, "अक्का, माणूस मुंबईहून सा महिन्यानं येतंय, त्याला नको कसं म्हणायचं?" माईकवर हा प्रश्न कधी आला नसता.

काय काय विचारतील? डास चावला तर? नाही. एका ताटात जेवलं, एका संडासात गेलं, पोराचा मुका घेतला? नाही, नाही, नाही. जत्रेत एकाच सुईनं सगळ्यांना गोंदतात त्याचं? ते टाळायला सांग, त्यातून काविळीचे विषाणूही जातात. एवढ्यात उरक, यावर तास घालवू नको.

वेळ घालव तो गोळीवर. जुन्या भिंतींवर कवटी आणि हाडं काढलेली असायची, खाली "एड्स म्हणजे मृत्यू". त्या चित्रानं किती जण तपासणीला गेलेच नाहीत याची मोजदाद कुणी केलेली नाही. मरायचंच असेल तर रिपोर्ट कशाला, असा तो सरळ हिशेब. आता सांगायचं ते वेगळं. २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की अंगात ताकद किती उरलीय याची वाट न बघता लगेच उपचार सुरू करतात. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. ती रोज घेतली की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीतही सापडत नाही. आणि तो सापडेनासा झाला, गोळी चालू राहिली, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य दोनदा सांग, कारण पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. संसार करता येतो, मूल होऊ देता येतं, उसाला पाणी पाजता येतं. मात्र सापडत नाही म्हणजे बरा झाला असं नव्हे, गोळी सोडायची नाही, हेही त्याच दमात सांगायचं.

आणखी एक वेळेचं गणित पाठ करून ठेव. बलात्कार झाला, किंवा वापरलेली सुई टोचली, तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोचायचं. जितकं लवकर तितकं बरं, पहिल्या दोन-तीन तासांतच पोचलं तर सगळ्यात चांगलं. २८ दिवस गोळ्या घ्याव्या लागतात, त्यानं लागण टळू शकते. पंचायतीत बैठक बसवून, घरच्यांची समजूत काढून तीन दिवस उलटल्यावर निघालात तर हातची वेळ गेली. आणि तपासणी लगेच निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं, तीन महिन्यांनी परत करून घ्यायची.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. बोलताना "देवदासींमुळं", "ट्रकवाल्यांमुळं" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आपल्या भागात हे फार सोपं वाटतं. हायवे आहे, ऊसतोड आहे, सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे, देवीला मुली सोडायची चाल होती. त्या चालीवर कर्नाटकात १९८२ साली बंदीचा कायदा झाला, पण सोडलेल्या बायका तर त्याच आणि त्यांची पोरंही तीच, ती गावातच आहेत, तुझ्या बैठकीतही असतील. आणि उपकार विसरू नयेत. सांगलीत १९९२ पासून संग्राम या संस्थेबरोबर धंद्यातल्या बायकांनीच एकमेकींना निरोध वाटले, एकमेकींना शिकवलं. तुम्ही-आम्ही तेव्हा नाकाला पदर लावून रस्ता ओलांडत होतो. तू जे शिकणार आहेस त्यातलं बरंचसं त्यांनी आधी करून दाखवलंय. आणि ट्रकवाल्यांचं म्हणशील तर तुझा भाऊच आठव.

संस्थेला होकार देण्याआधी दोन गोष्टी विचारून घे. आधी शिकवणार का, का पत्रकं हातात देऊन पाठवणार? आणि प्रवासखर्च कोण देणार? हे विचारायला लाजू नको, पदरमोड करून केलेलं काम दिवाळीपर्यंत टिकतं. आठवड्यातून एक दुपार म्हणून सांग, लग्नसराईत तीही नाही. कुणाला तपासणीला ओढून न्यायचं नाही, टेम्पो भरून तर नाहीच. कुणाला बैठकीत विचारता आलं नाही तर एचआयव्हीची माहिती देणारा १०९७ नंबर दे, फोन फुकट आहे आणि नाव सांगावं लागत नाही. वहीत नावं लिहायची नाहीत. आणि फोटोंपासून जप. संस्थांना अहवालाला फोटो लागतात, ते त्यांचं पोट आहे, मी नावं ठेवत नाही. पण बैठक संपल्यावर दोघी-तिघी चपला शोधत मुद्दाम रेंगाळतात. त्यांना काहीतरी विचारायचं असतं. नेमकं तेव्हा कुणीतरी मोबाईल वर धरतं आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो गटाच्या ग्रुपवर फिरतो. त्या वेळी तू उठून मधे उभी राहा. पाठ तुझी आली तरी चालेल.

भिशीचं राहिलं. या महिन्याचा निरोप नेहमी ज्या पोराकडून जातो त्याच्याकडूनच जाऊ दे, तू स्वतः जाऊ नको, खास फोन करू नको. ती आली नाही आणि कुणी विचारलं तर "असंल काहीतरी कामात" म्हण आणि चिठ्ठ्या घडी घालायला घे. पैसे मुलानं आणले तर त्याला बाकीच्या पोरांना देतेस तोच लाडू दे, दुसरा देऊ नको. कधीतरी भिशी तिच्या घरी असेल, तेव्हा जायचं. सगळ्यांबरोबर जायचं, सगळ्यांच्या आधी नाही, आणि दिला तो चहा प्यायचा. ती काही बोलली तर ऐक. नाही बोलली तर ब्लाउजपीस कधी शिवायला टाकतेस ते विचार.